पित्याची भेट आणि न्यायालयाची तारीख

पती-पत्नींचे पटेनासे झाले आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले म्हणजे आपली चर्चा पोटगी, स्त्रीधन आणि राहते घर या तीन विषयांभोवती फिरू लागते. मुलाच्या ताब्याचा प्रश्न बहुधा सुटल्यासारखाच धरला जातो. मूल आईकडे राहील, बापाने पैसे पाठवावेत, हे त्याचे सर्वसाधारण उत्तर. पुष्कळ प्रकरणी ते योग्यही असते, कारण मुलाचे संगोपन प्रत्यक्षात आईनेच केलेले असते. परंतु या उत्तरात एक प्रश्न राहून जातो. ज्या बापाला आपल्या मुलाला नियमाने भेटावयाचे आहे, त्याच्या शिक्षणात, आजारपणात आणि सुटीत वाटा उचलावयाचा आहे, त्याला कायदा कोणती मदत करतो आणि ती त्याच्या हाती किती दिवसांनी पडते? या प्रश्नाचा पूर्वार्ध कायद्याच्या पुस्तकात सापडतो. उत्तरार्ध मात्र वेळेचा आणि पैशाचा आहे, आणि खरी अडचण तेथेच आहे.

कायदा पित्याच्या विरुद्ध आहे, अशी तक्रार अलीकडे वारंवार ऐकू येते. ती पूर्णांशाने खरी नाही. इतिहासाकडे पाहिले तर कायदा पित्याच्याच बाजूला झुकलेला होता. पालक व पाल्य अधिनियम १८९० साली झाला, तेव्हा कुटुंबाचा कर्ता तोच मुलांचा पालक, हे गृहीतच होते. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाच्या कलम ६ मध्ये नैसर्गिक पालक म्हणून आजही प्रथम पिता आणि त्याच्यानंतर माता, असाच क्रम आहे. या 'नंतर'चा अर्थ केवळ पित्याच्या मृत्यूनंतर असा करता येणार नाही; पिता दूर असेल किंवा मुलाकडे लक्षच देत नसेल, तर त्याच्या हयातीतही माता नैसर्गिक पालक ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात दिला. १८९० च्या कायद्याच्या कलम १९ मध्ये पित्याच्या जोडीला मातेचे नाव येण्यास तर २०१० साल उजाडावे लागले. तेव्हा पालकत्वाच्या कागदावर पित्याचे नाव अजूनही पहिले आहे.

ताबा ही मात्र वेगळी बाब आहे. मुलाच्या वतीने कायदेशीर निर्णय घेण्याचा अधिकार म्हणजे पालकत्व. मूल रोज कोणाच्या घरी राहते, हा ताब्याचा प्रश्न. त्याच कलम ६ च्या परंतुकानुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा. गोव्यातील एका प्रकरणात २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. इतक्या लहान मुलाला आईकडे ठेवणे त्याच्या हिताचे नाही, असे पित्याचे म्हणणे असेल, तर ते सिद्ध करण्याचा भार पित्यावरच आहे. हनफी पंथाच्या मुस्लिम व्यक्तिगत कायद्यातही मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ताबा आईकडे असतो. पाच वर्षांनंतर हिंदू पित्याला मूल आपोआप मिळते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. कलम १३ प्रमाणे मुलाचे हित ही सर्वोच्च कसोटी आहे आणि तिच्यापुढे आई-बाप दोघांचेही हक्क दुय्यम ठरतात. मुले ही आई-बापांची मालमत्ता नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच सांगितले आहे.

हित कशावरून ठरते, हे मात्र पित्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. अनेकांचा असा समज असतो की वेतनाचा दाखला, स्वतःची सदनिका आणि घरी आजी-आजोबा, एवढे दाखविले की काम झाले. वस्तुतः केवळ अधिक उत्पन्न हे ताब्याचे कारण होऊ शकत नाही, कारण उत्पन्नातील तफावत पोटगीने भरून काढता येते. न्यायालय पाहते ते निराळेच. मुलाला शाळेत कोण पोहोचवीत होते, लस टोचण्यास कोण नेत होते, पालकसभेला कोण बसत होते, ताप आला तेव्हा रात्री कोण जागले, याला तेथे वजन असते. या गोष्टी संसार सुरळीत असताना ज्याने केल्या नाहीत, त्याला त्या वकील नेमून मागाहून निर्माण करता येत नाहीत. तेव्हा पित्याला मिळणाऱ्या कायदेशीर मदतीचा पहिला हप्ता त्याने स्वतःच, भांडणाच्या कितीतरी आधी, भरून ठेवावयाचा असतो.

साठ दिवसांची मुदत कोणासाठी?

आता ज्या पित्याने हे सारे केले आहे आणि जो ताबा मागत नसून फक्त भेट मागतो आहे, त्याचा विचार करू. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे कलम २६ त्याच्यासाठी उपलब्ध आहे. या कायद्याखालील कोणत्याही प्रकरणात, मग ते घटस्फोटाचे असो वा नांदण्यास येण्याबाबतचे, मुलाचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण यांविषयी न्यायालय अंतरिम आदेश देऊ शकते, पुढे ते बदलूही शकते. दावा पत्नीने आणलेला असला तरी पित्याला त्यातच अर्ज करता येतो. विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३८ मध्ये अशीच तरतूद आहे. विवाहाचे प्रकरण चालू नसेल, तर १८९० च्या अधिनियमाखाली स्वतंत्र अर्ज करता येतो आणि त्यातही कलम १२ प्रमाणे तात्पुरता आदेश मिळू शकतो.

या कलम २६ ला २००१ साली एक परंतुक जोडण्यात आले. प्रकरण चालू असताना अज्ञान मुलांच्या निर्वाहासाठी आणि शिक्षणासाठी केलेला अर्ज, समोरच्या पक्षावर नोटीस बजावल्यापासून शक्यतोवर साठ दिवसांत निकालात काढावा, असे ते सांगते. ही सुधारणा स्वागतार्हच होती. मुलाची भूक आणि शाळेची फी न्यायालयाच्या तारखेसाठी थांबत नाही, हे संसदेने ओळखले. परंतु हे परंतुक पुन्हा एकदा वाचावे. मूळ कलमात शब्द तीन आहेत : ताबा, निर्वाह आणि शिक्षण. मुदत घालून दिली ती मागील दोहोंना. ताब्याला, आणि ओघाने भेटीला, मुदत नाही. म्हणजे बापाचा पैसा मुलापर्यंत साठ दिवसांत पोहोचावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे. स्वतः बाप केव्हा पोहोचावा, याविषयी कायदा मौन पाळतो.

मौनाची किंमत मोजण्यास फार मोठे गणित लागत नाही. समजा, अर्ज केला तेव्हा मूल तीन वर्षांचे आहे आणि निकालाला तीन वर्षे लागली. प्रौढ माणसाच्या आयुष्यात तीन वर्षे म्हणजे एक लांबलेले प्रकरण. त्या मुलाच्या दृष्टीने ते त्याचे अर्धे आयुष्य आहे. जमिनीच्या दाव्यात उशीर झाला तरी जमीन जागच्या जागी राहते आणि बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई पैशाने करता येते. बालपणाची भरपाई कोणत्याही चलनात होत नाही. अर्थशास्त्रात ज्या वस्तूला पर्याय नाही आणि जिचा साठा करता येत नाही, तिच्या बाबतीत विलंब हाच सर्वांत मोठा खर्च ठरतो.

शिवाय हा विलंब तटस्थ नसतो. मूल ज्या घरी आहे, तेथील शाळा, शेजार आणि मित्र यांत ते रुळते. दोन-तीन वर्षांनी न्यायालयासमोर प्रश्न येतो तेव्हा रुळलेल्या मुलाला उपटून दुसरीकडे लावणे न्यायाधीशांना साहजिकच नको वाटते. मूल समज येण्याइतके मोठे असेल तर १८९० च्या कायद्याच्या कलम १७ प्रमाणे त्याची इच्छाही विचारात घेता येते, आणि ज्या बापाला मुलाने वर्षानुवर्षे पाहिलेले नाही, त्याच्याकडे जाण्याची इच्छा ते कशी व्यक्त करणार? अशा रीतीने तारखांमधून निर्माण झालेली परिस्थिती पुढे पुरावा म्हणून उभी राहते. मूल ज्याच्याकडे आहे, त्याला काहीच करावे लागत नाही; नुसते थांबले तरी पुरते. मूल बापाने अडकवून ठेवले असेल तेव्हा हाच अन्याय आईच्या वाट्याला येतो, हेही येथे नमूद केले पाहिजे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पित्याकडे असलेल्या एका मुलीचा ताबा आईला दिला, तेव्हा एका पालकाविषयी मुलाचे मन कलुषित होत जाण्याच्या प्रक्रियेचा त्या न्यायालयाने मुद्दाम उल्लेख केला होता.

न्यायालयांना हे समजत नाही, असे नाही. मुलाला आई आणि बाप दोघांचेही प्रेम मिळण्याचा हक्क आहे. एकाला ताबा नाकारला तरी त्याला भेटीचा पुरेसा अवसर द्यावा. तो दूरगावी असेल तर दूरध्वनीवर किंवा चित्रफितीच्या माध्यमातून, म्हणजे व्हिडिओ कॉलवर, त्याला मुलाशी बोलता यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले. यात भेट हा मुलाचा हक्क म्हणून मांडलेला आहे, ही महत्त्वाची गोष्ट. तत्त्वाची उणीव राहिलेली नाही. तत्त्व वेळेवर अमलात येत नाही, ही उणीव आहे.

वकिलाची फी आणि उत्पन्नाची मर्यादा

वेळेनंतर प्रश्न येतो पैशाचा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ नुसार काही वर्गांना मोफत कायदेशीर मदत मिळते. स्त्रिया आणि बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार हे उत्पन्नाचा विचार न करता पात्र ठरतात. इतर पुरुषांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. महाराष्ट्रात ती वर्षाला तीन लाख रुपये आहे. दरमहा पंचवीस हजार असा तिचा हिशेब होतो. तासिका तत्त्वावर काम करणारा एखादा प्राध्यापक या मर्यादेत बसेल. कायम नोकरीतील लिपिक मात्र महागाई भत्ता धरून ती सहज ओलांडतो. तो गरीब नाही म्हणून त्याला सरकारी मदत नाही, आणि तो श्रीमंत नाही म्हणून त्याला वर्षानुवर्षे वकिलाची फी परवडत नाही.

अशा लिपिकाचे एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तो साताऱ्याच्या एका सरकारी कचेरीत आहे. पत्नी मुलासह जळगावला माहेरी गेली आहे. १८९० च्या कायद्याप्रमाणे, मूल सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयात अर्ज करावा लागतो. म्हणजे मूल आजोळी स्थिरावले की त्याने जळगावला जावयाचे. रात्रीचा प्रवास, दिवसा न्यायालय आणि पुन्हा रात्रीचा प्रवास. एका तारखेला दोन दिवसांची रजा गेली असे धरले, तर वर्षाच्या आठ नैमित्तिक रजा चार तारखांत संपतात. त्या चारपैकी एखाद्या दिवशी न्यायाधीश रजेवर असतात, एखाद्या दिवशी समोरचे वकील मुदत मागतात. भेटीचा आदेश अखेर झाला आणि महिन्यातून दोन शनिवारी दोन-दोन तास भेट मिळाली, तर वर्षाचे तास होतात अठ्ठेचाळीस. वर्षभराच्या खटाटोपाची प्राप्ती म्हणजे दोन दिवस आणि दोन रात्री. तीही मुलाला ताप आला नाही, परीक्षा आली नाही आणि कोणी पाहुणे आले नाहीत तर! शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पण ज्याचे मूल त्या पायरीच्या पलीकडे आहे, त्याने शहाणपण कोठे ठेवावे?

हा खर्च कमी व्हावा म्हणूनच तर कुटुंब न्यायालये निघाली. १९८४ च्या अधिनियमाप्रमाणे तेथे वकील उभा करण्याचा हक्क कोणत्याही पक्षकाराला नाही. न्यायालयाने परवानगी दिली तरच वकील येतो. न्यायाधीशांनी प्रथम समेटाचा प्रयत्न करावा, समुपदेशकांची मदत घ्यावी, वैद्यकीय व समाजकल्याण क्षेत्रांतील जाणकारांना विचारावे, अशी त्या कायद्याची रचना आहे. प्रत्यक्षात परवानगी हा नियम झाला आणि वकिलाशिवाय येणे हा अपवाद. समुपदेशकाच्या खोलीत अर्ध्या तासात ठरू शकणारे दिवाळीच्या सुटीचे वाटप अर्ज, कैफियत आणि प्रतिज्ञापत्रे यांच्या गठ्ठ्यात अडकून पडते.

दुसरी बाजू

येथे काही वाचक विचारतील, आणि त्यांनी विचारावेच, की भेट मागणारा प्रत्येक बाप मुलाच्या ओढीनेच मागतो काय? याचे उत्तर नाही असेच द्यावे लागेल. ताब्याचा अर्ज हे पोटगी कमी करून घेण्याचे हत्यार म्हणून वापरले जाते, भेटीच्या निमित्ताने पत्नीला धमकावले जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. म्हणूनच २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम २१ ने दंडाधिकाऱ्यांना मुलाचा तात्पुरता ताबा पीडित स्त्रीकडे देण्याचा, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असे वाटल्यास ती नाकारण्याचा अधिकार दिला आहे. तो आवश्यकच आहे. परंतु खरा धोका आणि नुसता राग यांतील फरक ओळखण्यासाठीही कोणीतरी लवकर चौकशी करावी लागते. विलंबाने धोकादायक बाप निर्धोक होत नाही आणि निर्दोष बापाची निर्दोषताही सिद्ध होत नाही.

पोटगी आणि भेट यांचा सौदा दोन्ही बाजूंनी केला जातो. भेट नाही म्हणून पैसे नाहीत, असे बाप म्हणतो. पैसे नाहीत म्हणून भेट नाही, असे आईच्या घरून सांगितले जाते. दोन्ही देणी मुलाची आहेत. ती परस्परांत वळती करण्याचा अधिकार कोणालाच नाही. ज्याला भेट हवी आहे, त्याने पोटगी एक महिनाही चुकवू नये, हा नैतिक उपदेश तर आहेच, पण तोच उत्तम कायदेशीर सल्लाही आहे. तसेच संतापाच्या भरात शाळेच्या फाटकावरून मूल परस्पर उचलून आणणारा बाप आपल्या प्रकरणाचे जितके नुकसान करतो, तितके विरुद्ध पक्षाचा कोणताही वकील करू शकत नाही.

मूल आईकडे नसून तिसऱ्याच कोणाकडे असेल, तर मात्र कायदा वेगाने चालू शकतो. महाराष्ट्रातील एका प्रकरणात पत्नी कर्करोगाने वारल्यानंतर तान्ही मुलगी मातुल नातेवाइकांकडे राहिली होती. पित्याने मुंबई उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला, तो मान्य झाला आणि मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. आई वारली ऑक्टोबर २०१८ मध्ये. म्हणजे देशातील सर्वोच्च न्यायासनापर्यंतचा सारा प्रवास वर्षाच्या आत झाला. आई-बापांमधील वादात प्रश्न अधिक नाजूक असतो, त्यामुळे तेथे सामान्यतः नेहमीचीच वाट धरावी लागते, हे मान्य. तथापि निकड पटली म्हणजे न्याययंत्रणा किती झटपट हलू शकते, हे यावरून दिसते.

काय करता येईल?

या साऱ्याचा विचार करता तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली अशी, की कलम २६ च्या आणि विशेष विवाह अधिनियमाच्या कलम ३८ च्या परंतुकात निर्वाह व शिक्षण यांच्या जोडीला भेटीचाही समावेश करावा. ताब्याचा अंतिम निर्णय साठ दिवसांत होणार नाही, होऊही नये. पण महिन्यातून चार तास मुलाला कोठे आणि कोणाच्या देखत भेटावयाचे, हे साठ दिवसांत ठरविणे कठीण नाही. बुडालेली भेट भरून देण्याची तरतूद त्याच आदेशात असावी, म्हणजे प्रत्येक चुकलेल्या शनिवारासाठी नवा अर्ज करावा लागणार नाही.

दुसरी गोष्ट विधी सेवेची. कलम १२ मधील उत्पन्नाची मर्यादा वाढविण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. त्यासाठी संसदेकडे जावे लागत नाही. स्त्रियांना मिळणारी सवलत तिळमात्र कमी न करता, केवळ मुलाच्या भेटीच्या अर्जांपुरती ही मर्यादा वाढविता येईल. त्याच कलमाप्रमाणे बालक हे स्वतः मोफत मदतीस पात्र आहे. भेट हा जर मुलाचा हक्क आहे, तर त्या हक्कासाठी मुलाच्या नावे वकील का देऊ नये? तोवर ज्यांचे उत्पन्न मर्यादेत आहे, त्यांनी तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जरूर जावे. १५१०० या क्रमांकावर दूरध्वनीवरूनही चौकशी करता येते. भेटीबाबत उभयपक्षी समझोता झाल्यास तो लोकअदालतीत नोंदविता येतो आणि त्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते.

तिसरी गोष्ट मूलगामी आहे. विधी आयोगाने मे २०१५ मधील आपल्या २५७ व्या अहवालात माता आणि पिता या दोघांनाही समान नैसर्गिक पालक मानावे आणि संयुक्त ताब्याची तरतूद कायद्यात आणावी, अशी शिफारस केली. ती अद्याप कायद्यात उतरलेली नाही. तिच्यात पित्याने कागदावरचा आपला पहिला क्रमांक सोडावयाचा आहे आणि त्या बदल्यात प्रत्यक्ष संगोपनातील वाटा उचलावयाचा आहे. पित्यांच्या हक्कांसाठी चळवळ करणाऱ्यांनी या शिफारशीचा आग्रह धरला, तर स्त्रियांच्या संघटनांशी त्यांना वैर करावे लागणार नाही.

मोडलेला संसार न्यायालयाने जोडून द्यावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. दोन घरांच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलाला दोन्ही घरांची वाट माहीत राहावी, एवढीच अपेक्षा आहे. तीन वर्षांनी मिळणारा भेटीचा आदेश म्हणजे वरातीमागून घोडे होय. तोवर मूल बापाला ओळखेनासे झालेले असते. ज्या कायद्याने पोटगीसाठी साठ दिवस मोजले, त्याने भेटीसाठीही ते मोजावेत.